प्रियू तुमच्याकडे आहे

पनवेल
१७ सप्टेंबर २०२३

ताई,
सप्रेम जयभीम.

हातात फोन असताना ही पत्र का लिहिते, असं तुम्हाला वाटेल. मला बोलता येत नाही, म्हणून. माझ्या जिभेचा डावा अर्धा भाग काढला आणि हाताची कातडी घेऊन तिथं नवी जीभ शिवली. ह्यांनी तुम्हाला फोनवर "ऑपरेशन चांगलं झालं" एवढंच सांगितलं असणार. तुमचा भाऊ मोठं वाक्य बोलत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. चांगलं झालं हे खरंच आहे. पण तोंडात दुसऱ्या कुणाची तरी वस्तू सांभाळायला दिली आहे आणि एक दिवस तो माणूस ती मागायला येईल, असं मला सारखं वाटतं.

मागच्या आठवड्यात व्हिडिओ कॉल केला तेव्हा प्रियू माझ्याकडे बघून तुमच्या पाठीमागं लपली. तुम्ही घाईनं फोन फिरवलात, पण मी पाहिलं होतं. नाकात नळी, गाल सुजून एका बाजूला आलेला. दोन वर्षांच्या लेकराला ती आई कशी वाटणार? तेव्हा नळी निघेपर्यंत आता व्हिडिओ नको. मी लिहीन, तुम्ही उत्तर लिहा. पहिलीच्या पोरांना अक्षरं गिरवायला शिकवणारी बाई मी, माझा हात अजून चांगला चालतो.

आम्ही राहतो ती धर्मशाळा डोंगराच्या पायथ्याशी आहे. सगळे पेशंट आणि त्यांची माणसं. शेजारच्या खोलीत देवगाव फाट्याच्या सुमनबाई आहेत. आपल्याच जिल्ह्यातल्या म्हणून त्यांनी मला लगेच ताब्यात घेतलं. सकाळी ढग डोंगरावरून उतरतात आणि गच्चीवर वाळत घातलेल्या साड्यांमधून चालत जातात. सगळ्या गावांच्या साड्या एका दोरीवर.

औषधांनी दुपारी डोळा लागतो. जाग आणि झोप यांच्यामध्ये एक जागा आहे, सध्या मी जास्त तिथंच राहते. काल त्या जागेतून मी तुमच्या पूर्णेच्या क्वार्टरच्या अंगणात आले. प्रियू पायरीवर बसून वाटीतला भात चिमण्यांना टाकत होती. मी तिला आवाज दिला नाही. स्वप्नातही मला माहीत होतं की बोलायचं नाही.

ती कशी आहे, ते लिहा. सविस्तर लिहा.

तुमची
धम्मशीला

*

पूर्णा
२६ सप्टेंबर

धम्मशीला,
जयभीम.

तुझं पत्र पोस्टमननं स्टेशनातच आणून दिलं. समोर रांग होती, म्हणून ड्यूटी संपेपर्यंत उघडलं न्हाई. बाबांच्या जागेवर नोकरीला लागून मला लय वर्षं झाली, पण तिकिटाच्या खिडकीत बसून कधी रडले नव्हते. त्या दिवशी रडले. एका म्हाताऱ्यानं काचेतून विचारलं, "बाई, गाडी रद्द झाली का?" मग हसायला पण आलं.

प्रियूची काही फिकीर करू नको. माय पिंगळीचं घर बंद करून माझ्याकडंच राहायला आलीय. मी ड्यूटीवर असले की ती सांभाळती. सकाळी प्रियू ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून खाती. दुपारी यार्डात इंजिन शंटिंगला आलं की डबे एकमेकाला धडकतात, त्या आवाजावरच तिला झोप लागती. आवाज थांबला की उठून बसती. अशी पोरगी मी बघितली न्हाई. अंगणात बदामाचं झाड हाय, त्याची लाल पानं गोळा करती आणि माझ्या पर्समध्ये ठेवती. परवा सुटे पैसे काढताना खिडकीत पानंच निघाली.

तुझी रोज आठवण काढती. झोपायच्या आधी तुझा फोटो बघती.

सिद्धूला म्हण, स्वतः पण जेवत जा. तू काही मनात आणू नको.

तुझी
सुकेशनी

*

पनवेल
९ ऑक्टोबर

ताई,
जयभीम.

पर्समधली पानं वाचून मी ते पत्र घडी करून उशीखाली ठेवलं आणि तशीच पडून राहिले. किती बरं वाटलं सांगता येत नाही.

आता किरणांचा इलाज सुरू झालाय. इथं सगळे त्याला 'लाईट' म्हणतात. "आज लाईट घेतली का?" असं एकमेकांना विचारतात, जेवलात का विचारावं तसं. त्यासाठी माझा मुखवटा केला. गरम पाण्यातून काढलेली प्लास्टिकची जाळी चेहऱ्यावर दाबून बसवली. गार झाली तेव्हा ती माझा चेहरा झाली. लाईटच्या वेळी तो मुखवटा घालून टेबलाला पक्का लावतात, मान हलू नये म्हणून. मग सगळे बाहेर जातात आणि जाड दार बंद होतं.

पहिल्या दिवशी जीव घाबरला. मग मी एक युक्ती काढली. डोळे मिटायचे आणि मनात प्रियूला न्हाऊ घालायचं. बोटांपासून सुरुवात करते. पाय, गुडघे, तिथलं ते खरचटलेलं. पाठीवर पाणी सोडलं की ती खांदे वर घेते. मशीन घरघर करत माझ्या डोक्याभोवती फिरतं आणि मला न्हाणीतला धूर दिसतो, दारातून आलेलं ऊन दिसतं. पण डोक्यावर पाणी घालायच्या आधीच मशीन थांबतं. पोरगी अर्धीच न्हाऊन राहते. मग मी दिवसभर तिच्या ओल्या केसांचा विचार करत बसते.

सुमनबाईंना माझं बोलणं कळत नाही, पण तसं कबूल करायला त्या तयार नाहीत. काल मी म्हटलं, खिडकी लावा. त्या लगबगीनं गेल्या आणि खिचडी घेऊन आल्या. मला अजून गिळता येत नाही, म्हणून समोर बसून त्यांनीच खाल्ली.

ताई, एक सांगा. माझी आठवण काढते म्हणजे ती नेमकं काय म्हणते? तिचे शब्द जसेच्या तसे लिहा. मला ते इथं सोबतीला पाहिजेत.

तुमची
धम्मशीला

*

पूर्णा
२५ ऑक्टोबर

धम्मशीला,
जयभीम.

काल धम्मचक्र प्रवर्तन दिनाला प्रियूला विहारात घेऊन गेले होते. पांढरा झगा घातला होता. सगळे वंदनेला बसले आणि ही मेणबत्त्यांकडं बघत इतकी गप बसली, की मायनं दोनदा कपाळाला हात लावून बघितला. घरी येताना रस्ताभर हात पुढं धरून चालली. म्हणलं, काय करायलीस? तर उजेड न्यायलेय म्हणली. रिकामीच ओंजळ, पण सांडू नये अशी धरलेली. क्वार्टरात आल्यावर पाळण्यात ठेवली आणि वर चादर टाकली.

ती काय म्हणती ते तू विचारलंस. लेकरू काय म्हणणार, आई कुठं गेली, असंच म्हणती. कामाच्या गडबडीत सगळे शब्द ध्यानात राहत न्हाईत.

तू घाई करू नको. डॉक्टर म्हणतील तितके दिवस राहा, पूर्ण इलाज करूनच ये. प्रियू इथं रमलीय. वर्ष लागलं तरी चालंल.

तुझी
सुकेशनी

*

पनवेल
६ नोव्हेंबर

ताई,

वर्ष लागलं तरी चालेल, हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. आधी वाटलं, डॉक्टरांनी ह्यांना काही सांगितलंय, ह्यांनी तुम्हाला सांगितलं आणि सगळ्यांनी माझ्यामागं मनाची तयारी केली आहे. ह्यांना पाटीवर लिहून विचारलं. ते म्हणाले, "असं काही नाही. इलाज चांगला चाललाय." त्यांना खोटं बोलता येत नाही, म्हणून मी मानलं.

मग परवा ह्यांच्या फोनवर मायनं पाठवलेला व्हिडिओ सापडला. मला दाखवला नव्हता. तुम्ही ड्यूटीवरून येताय आणि प्रियू अंगणातून पळत तुमच्याकडे जातेय. ती काय म्हणत पळतेय, ते मी ऐकलं.

तोंड आतून पूर्ण पोळलंय. गळ्याची कातडी काळी पडलीय. लिहायला बसवत नाही. तुम्हीही आता काही लिहू नका.

धम्मशीला

*

पूर्णा
१४ नोव्हेंबर

धम्मशीला,

तू लिहू नको म्हणलीस तरी लिहायलेय. फाडायचं तर वाचून मग फाड.

तू गेलीस तेव्हा पहिले काही दिवस ती दारातच बसायची. सांजची पनवेल गाडी भोंगा देत आली की उठून उभी राहायची. त्या गाडीनं तू गेलीस हे तिला ठाऊक होतं. मग एक दिवस भोंगा वाजला आणि ती उठली न्हाई. पानं गोळा करत बसली. मला बरं वाटलं, की लेकराचं रडं थांबलं. त्यानंतर तिनं तुझं नाव काढलं न्हाई. फोटो दाखवला की बाजूला बघायची. हे तुला कसं लिहू? तू तिकडं मुखवटा घालून पडलेली.

मी तिला आत्या म्हणायला शिकवलं होतं. सांज झाली की शेजारच्या क्वार्टरातली लेकरं आपापल्या आईला हाका मारीत घराकडं पळतात. एके दिवशी ही पण पळाली, माझ्याकडं, त्याच शब्दानं. मी म्हणलं, आत्या म्हण. दुसऱ्या दिवशी पण म्हणलं. तिसऱ्या दिवशी म्हणलं न्हाई. तिला उचललं, घरात नेलं आणि दार लावून घेतलं. बाहेर काही नव्हतं, वारं पण नव्हतं. कुणी बघू नये म्हणून लावलं.

सिद्धूचं शिक्षण, मायचं आजारपण, यात माझं लग्न राहून गेलं. त्याचं मला काही वाटत न्हाई असं मी लोकांना सांगते, आणि ते खरंच हाय. म्हणजे तोपर्यंत खरं होतं.

वर्ष लागलं तरी चालंल, हे मी तुझ्यासाठी लिहिलं का माझ्यासाठी, ते आता मलाच सांगता येईना. पण एवढं ऐक. तू बरी होऊन यावीस म्हणून मी रोज सकाळी त्रिसरण म्हणते, आणि त्या वेळी माझ्या मनात दुसरं काही नसतं.

सुकेशनी

*

पनवेल
२ डिसेंबर

ताई,
जयभीम.

लाईट संपल्या. शेवटच्या दिवशी मुखवटा मला घरी न्यायला दिला. लोक नेतात म्हणे. मी तो तिथंच ठेवून आले.

तुमचं पत्र मी फाडलं नाही. राग आला होता. पण त्या दिवसांत पाण्याचा घोट गिळायलासुद्धा सगळा जीव एकवटावा लागायचा, राग धरून ठेवायला उरत नव्हता. तो सैल होऊन कुठं गळून पडला, कळलंही नाही. ताप होता. सगळं पाण्याखालून दिसल्यासारखं दिसायचं. भिंती हलायच्या, ह्यांचा चेहरा जवळ येऊन लांब जायचा. त्यातच एक स्वप्न सारखं यायचं. पूर्णा नदीवर धुकं आहे, पलीकडच्या काठावर तुम्ही उभ्या आहात आणि प्रियू तुमच्या कडेवर आहे. मी अलीकडून तिला नावानं हाक मारते. तोंडातून निघतं ते तिचं नाव नसतं. दोघी इकडं तिकडं बघता, कोण ओरडतंय म्हणून, आणि मग धुक्यात शिरता. प्रियूनं खांद्यावर मान टाकलेली असते. ती अजिबात घाबरलेली नसते. तेवढंच बघून मला शांत वाटायचं आणि झोप लागायची.

त्यातलं हाकेचं मात्र स्वप्न नाही. ते मी तुमच्यापासून लपवलं, ह्यांनाही सांगू दिलं नाही. बोलायला शिकवतात त्या मॅडम म्हणाल्या, काही अक्षरं आता नीट यायची नाहीत. माझ्या लेकीचं नाव संघप्रिया, ते मीच ठेवलं. ते मला म्हणता येत नाही. हंप्पिया, असं काहीतरी होतं. आरशासमोर रोज म्हणून बघते. शाळेत पुन्हा शिकवता येईल का, हे मी अजून कुणाला विचारलेलं नाही.

सुमनबाई गेल्या महिन्यात घरी गेल्या. त्यांच्या मुलाला डॉक्टरांनी बाजूला घेऊन सांगितलं की आता इथं ठेवून उपयोग नाही. सुमनबाईंना कुणी काही सांगितलं नाही, पण त्यांनी जाताना स्वतःची ताटवाटी मला दिली. म्हणाल्या, "तू खाणार आहेस." मी म्हटलं, हुरड्याला तुमच्याकडे येते. हे त्यांना पहिल्यांदाच नीट कळलं. त्यांनी मान हलवली आणि गाडीत बसल्या.

ताई, तुम्ही दार लावून घेतलंत तिथं मी खूप वेळ थांबले. बाहेर उभी राहिल्यासारखी. मग वाटलं, माझं लेकरू आत आहे, कडी नीट लागलेली आहे. यापेक्षा मला त्या दिवसांत दुसरं काय हवं होतं?

नळी आठवड्यात काढतील. जानेवारीत सोडतील असं म्हणतात.

तुमची
धम्मशीला

*

पूर्णा
२० डिसेंबर

धम्मशीला,
जयभीम.

तुझं पत्र वाचून मी ठरवलं आणि लगेच केलं, कारण थांबले असते तर झालं नसतं. प्रियूला मायसोबत पिंगळीला धाडलं. तू येशील तेव्हा तिला माझी सवय राहिलेली नको.

सकाळच्या गाडीला इतकं धुकं होतं, की समोरचा प्लॅटफॉर्म दिसत नव्हता. माणसं कुठून तरी निघायची आणि कुठं तरी विरघळायची. प्रियू माझ्या खांद्यावर झोपली होती. डब्यात चढून तिला मायच्या मांडीवर ठेवलं. तिनं झोपेतच माझी ओढणी मुठीत धरली होती, ती तशीच राहू दिली. खाली उतरले. गाडी हलल्याचं दिसलं न्हाई, नुसता आवाज लांब गेला. मग मी ड्यूटीवर जाऊन बसले. खिडकी उघडली तर पहिलाच माणूस म्हणला, पिंगळी एक.

तिला ताप येऊन गेला. आता बरी हाय, जेवायलीय असं माय सांगती. मी तिकडं जात न्हाई आणि फोनवर पण बोलत न्हाई.

नावाचं तू मनाला लावून घेऊ नको. आमी कुणीच तिला पूर्ण नावानं हाक मारत न्हाई.

तुझी
सुकेशनी

*

पिंगळी
११ जानेवारी २०२४

ताई,
जयभीम.

घरी आले. हे मी अंगणात बसून लिहितेय, तरी अजून पूर्ण जाग आल्यासारखं वाटत नाही. सगळं आहे तसंच आहे आणि थोडं थोडं लहान झालंय. ज्वारी पोटऱ्यात आलीय. उन्हाचा रंग तिकडच्यासारखा पातळ नाही, हातावर पडला की जाणवतो. बायका भेटायला येतात, गळ्याकडे बघतात आणि मग तुरीच्या शेंगांबद्दल बोलतात.

प्रियू माझ्याकडे येत नाही. पहिल्या दिवशी मला पाहून ती बाजेखाली गेली. मी खाली वाकून तिला बोलावलं. माझा आवाज ऐकून ती आणखी आत सरकली. आता बाजेखाली जात नाही, पण अंतर ठेवते. मी पुढं गेले की ती मागं होते, तेवढीच. तुमची ओढणी तिच्याजवळ असते. ती तिनं मायला धुवू दिलेली नाही.

काल माय मला भरवायला बसली होती. मऊ भात, वरण. प्रियू दारात उभी राहून बघत होती. तिनं मायला विचारलं, "आई कवा येती?" मी तिच्या समोर बसले होते. माय म्हणाली, "आलीय की, ही काय." ती माझ्याकडे एकदा बघून पुन्हा मायकडे वळली आणि तोच प्रश्न विचारला. हे उठून शेतात निघून गेले.

ताई, तुम्ही या. मला आता भीती वाटते ती वेगळीच. त्या लेकरानं सहा महिन्यांत दोन आया हरवल्या. दुसरी तरी परत मिळू शकते. मी मनापासून लिहितेय.

पत्र मायच्या हाती देतेय. फोनवर माझं बोलणं तुम्हाला कळणार नाही.

धम्मशीला

*

पूर्णा
१६ जानेवारी

धम्मशीला,

मी आले तर ती तुझ्याकडं बघायची पण न्हाई. आता जे दुखायलंय ते एकदाच दुखू दे. मला बोलवू नको. एकदा हो म्हणलं तर मला परत निघता यायचं न्हाई, म्हणून म्हणायलेय.

अंगणातली पानं मी झाडून काढली. पर्सपण साफ केली.

जेवत जा. सगळं कळवत राहा.

सुकेशनी

*

पिंगळी
३० जानेवारी

ताई,
सप्रेम जयभीम.

तुम्ही कळवत राहा म्हणालात, म्हणून कळवते. तुमचं न येणं मी मानलं नव्हतं, गप्प राहिले होते इतकंच.

मागच्या आठवड्यात मी पहिल्यांदा चुलीपाशी बसले. वरणाला फोडणी द्यायची होती. मायला म्हटलं, लसूण द्या. मायनं रॉकेलची बाटली आणून दिली. नाही म्हटलं, लसूण. मायनं हळद आणली. मी हातानं दाखवणार, तेवढ्यात दाराशी तुरीच्या शेंगा सोलत बसलेली प्रियू वर न बघता म्हणाली, "आजी, लसून म्हनती ती."

माय आणि मी एकमेकींकडे बघतच राहिलो. मी मुद्दाम म्हटलं, दिवळीतली काडेपेटी द्या. प्रियू म्हणाली, "काडीपेटी. दिवळीत हाय." जणू सरळ मराठीच बोलत होते मी. तिच्या स्वतःच्या बोलण्यात अजून अर्धी अक्षरं गळतात, त्यामुळं असेल. बाकीच्यांना जे तुटलेलं ऐकू येतं ते तिला पूर्ण ऐकू येतं.

त्या दिवसापासून तिला काम मिळालं. मी बोलले की ती लोकांना सांगते. दूधवाल्याला सांगते, शेजारणीला सांगते. कुणाला पहिल्यांदा कळलं नाही तर तिला राग येतो, कमरेवर हात ठेवून पुन्हा सांगते. हे तर आता तिला बोलावूनच विचारतात, काय म्हणतेय गं ही? ते हसताना दिसले, कित्येक महिन्यांनी. शेजारची शिवकन्या म्हणाली, शाळेत जाताना हिला सोबत घेऊन जा. मी हसले, पण ती गेल्यावर विचार करत राहिले. उन्हाळ्यानंतर शाळेत जाऊन हेडमास्तरांना विचारणार आहे. फळ्यावर लिहायला तर मला कुणाची मदत लागत नाही.

एवढं असूनही मला ती काही म्हणत नाही. "ती" म्हणते. मांडीवर येत नाही. जवळ बसते, ओढणीचं टोक माझ्या बाजूला पसरून ठेवते, पण अंगाला लागत नाही. मी हात पुढं करत नाही. माझ्या हातावर जिथली कातडी काढली तिथं चौकोनी डाग आहे. एक दिवस तिनं त्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे कुठं गेलं?" मी तोंडाकडे बोट दाखवलं. तिनं आत वाकून बघितलं, बराच वेळ, आणि "बरं" म्हणून निघून गेली.

आता कालची गोष्ट. दुपारचं ऊन कलतं होतं. प्रियू ओसरीत बाजेवर झोपली होती, मी खाली पोत्यावर ज्वारी निवडत होते आणि मलाही गुंगी येत होती. रेल्वेचा आवाज लांबून आला, दाण्यांत मिसळला आणि गेला. मी पूर्ण झोपेत नव्हते आणि जागीही नव्हते. अशात प्रियूनं झोपेतच हाक मारली, "आई."

माय आतून म्हणाली, "सुकेशनीला हाका मारायलंय लेकरू." मलाही तसंच वाटलं. पण तोपर्यंत मी ओ दिली होती.

ताई, ओ म्हणायला जीभ लागत नाही. नुसता श्वास सोडायचा आणि ओठ गोल करायचे. ऑपरेशनपासून माझ्या तोंडून इतकं स्वच्छ, इतकं जुन्यासारखं काही निघालं नव्हतं. माझाच आवाज ऐकून मी दचकले.

प्रियूनं डोळे उघडले आणि माझ्याकडे बघत राहिली. तिनं कुणाला हाक मारली होती, ते मी विचारलं नाही. मग ती म्हणाली, "पानी." मी पाणी नेलं. माझ्या हातानं ती प्याली आणि पुन्हा झोपली, झोपताना तिची पाठ माझ्या गुडघ्याला टेकली होती. मी पाय हलवला नाही. ज्वारी तशीच राहिली.

रविवारी तुमची सुट्टी असते, सकाळच्या गाडीनं या. परत निघता येणार नाही असं लिहिलंत, तर नका निघू, सोमवारी ड्यूटीला इथूनच जा. आणि तुम्ही दिसलात की ती तुमच्याकडं पळत जाईल हे मला माहीत आहे. जाऊ दे. ती आई म्हणून हाक मारील, तेव्हा आपल्यापैकी जी जवळ असेल तिनं ओ द्यायची.

वाट बघते.

तुमची
धम्मशीला